शहाजिऱ्याची मूठ

गाजर ओट्यावर ठेवून महामाया काहीच बोलली नाही. बोलली असती तर सिंधूताईंनी दोन शब्द सुनावून तिला गप्प केलं असतं. आईपण आणखी कशासाठी असतं? पण पोरगी हाताची घडी घालून नुसती उभी राहिली, आणि ते वीतभर लांबीचं, पाल्यासकट उपटलेलं, मातीनं माखलेलं गाजर कणकेच्या परातीशेजारी पडून राहिलं.

“कुठचं हे?” सिंधूताईंनी विचारलं. विचारताना आवाज कसा निघाला ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

“आजोबाच्या वाफ्यातलं. काल सांजच्याले कुंपणातून हात घातला मी.”

“त्या वाफ्यात हात घालू नाही, तुले माहीत हाय ना?”

“हाव. वाफ्यात एकटीनं जावं, सूर्य निघायच्या आधी जावं, तोंडातून शब्द काढू नाही, नाही तं जिऱ्याचा वास उडते.” महामायानं पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं. “लहानपणापासून ऐकून राह्यले. पण हे जिरं नाही, आई. गाजर हाय.”

ही धास्ती सिंधूताईंच्या ओळखीची होती. एकतीस वर्षं ती दर फाल्गुनात यायची आणि पौर्णिमा पार पडली की विरायची. आज पौर्णिमाच होती. गावात सकाळपासून होळीची लाकडं ओढणं चाललं होतं, आणि या घरात, दरवर्षीच्या रिवाजानं, बुद्धवंदना झाल्यावर दुपारी मूठ व्हायची होती.

मूठ म्हणजे शहाजिऱ्याची मूठ. सिंधूताईंच्या सासऱ्यांनी, भाऊरावांनी, घातलेला हा पायंडा. विहिरीकडच्या वाफ्यातलं शहाजिरं सुपात घ्यायचं, लेकी-लेकांनी, नातवंडांनी ओळीनं बसून दोन्ही हात पुढं करायचे, आणि भाऊरावांनी एकेकाच्या ओंजळीत मूठ टाकायची. ज्यानं पिकवलं त्याच्याच हातची मूठ, असा नेम. म्हणून भाऊराव स्वतः कधी घेत नसत, आणि सूप धरायला कुणीतरी लागायचं म्हणून सिंधूताईंच्या ओंजळीतही ती कधी पडली नाही. त्या मुठींवर वर्षाचा मसाला व्हायचा. मटणाच्या रश्श्यात तो पडला की वास पार एसटी थांब्यापर्यंत जातो असं गाव म्हणायचं. गावाच्या बोलण्यात तिखट-मीठ जास्तच, पण वास जायचा हे खरं.

त्याच वासावर सिंधूताईंच्या थोरल्यानं, प्रसेनजितनं, पुण्यातली नोकरी सोडून मसाल्याचा धंदा मांडला होता. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘आमच्या मळ्यात पिकलेल्या शहाजिऱ्याचा मसाला’. ती ओळ वाचूनच नागपूरच्या मसाला महोत्सवाच्या अनुपमा मॅडमनी कळवलं होतं की आधी मी स्वतः येऊन वाफा पाहीन, जागा द्यायची की नाही ते नंतर. मॅडम आज अकरा वाजता येणार होत्या.

“मागच्या सालची मूठ मी कॉलेजात नेली होती,” महामाया म्हणाली. अकोल्याला कृषीच्या शेवटच्या वर्षाला होती ती. “सरांनी पाह्यलं. म्हणे हे थंड मुलुखाचं पीक. मूळचं पार इराण, तुर्कस्तान तिकडचं. आपल्या देशात जिथं बर्फ पडते तिथंच येते. पयल्या साली नुसता पाला धरते, हिवाळाभर बर्फाखाली पडून राह्यते, मंग दुसऱ्या साली फुलं. म्हणे मेहकर तालुक्यात कोणी पिकवलं असंल तं मी नोकरी सोडतो. सगळा वर्ग हासला. मी भांडले सरांसंग, आई. आजोबाचं वाक्य ऐकवलं भर वर्गात.”

ते वाक्य या घरात सगळ्यांना पाठ होतं. बर्फातलं जिरं आपल्या मातीत उगवलं; कोनी म्हनलं का तू इथं उगवनार नाहीस, तं त्याले आपला वाफा दाखवा. मास्तरकीच्या परीक्षेत सिंधूताईंचे यजमान नागसेन दोनदा आपटले तेव्हा भाऊरावांनी त्यांना वाफ्याशी नेऊन उभं केलं होतं. रक्त पाहून भोवळ येणारी, नर्सिंग अर्धवट सोडायला निघालेली त्यांची बहीण विशाखा त्याच वाक्यावर नर्स झाली. आणि ही शेंडेफळ, जिला लोक म्हणाले की पोरीची जात, शेती शिकून काय नांगर धरणार, ती त्याच वाक्यावर अकोल्याला गेली.

“सांग ना, आई. कवापासून गाजर हाय तिथं?”

सिंधूताईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि पाटावर बसल्या. उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं.

भाऊराव सीमेवरच्या रस्त्यांच्या कामावर डोझर चालवायचे. तीस वर्षं घरी पाहुण्यासारखे आले नि गेले. तिकडं बर्फाच्या मुलुखात, लाहौलकडं, एकदा कडा कोसळून पाय मोडला तेव्हा एका म्हातारीनं त्यांना तीन आठवडे घरात ठेवून घेतलं, शहाजिऱ्याचं पाणी पाजलं, आणि निवृत्तीच्या साली निरोप घ्यायला गेले तेव्हा ओंजळभर बी दिलं. बर्फ नाही तर हे नाही, असंही बजावलं. भाऊराव म्हणाले, आमच्या मातीले विचारून तं पाहू. घरी येऊन, साध्या जिऱ्यासारखं फाल्गुनात निघेल अशा हिशेबानं, कार्तिकात वाफा केला, पेरलं. पौषात त्यांची बायको गेली. तीस वर्षं वाट पाहिली बिचारीनं आणि नवरा घरी आल्यावर आठ महिने नाही पुरली. त्यानंतर भाऊराव कुणाशी बोलेनासे झाले. दिवसभर वाफ्याशी बसून राहायचे.

“आन् ते उगवलं होतं, माया,” सिंधूताई म्हणाल्या. “खरंच उगवलं होतं. एवढी एवढी रोपं, गाजराच्या पाल्यासारखी. मंग फाल्गुनात त्यायचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बर्फाच्या चकाकीनं एक डोळा गेलाच होता, राह्यलेला एक वाचवायले अकोल्याले नेलं. इकडं ऊन तापलं. रोज दोनदा पाणी देत होते मी, वरतून पळसाची पानं झाकत होते. पौर्णिमेच्या आधी चार दिवस सगळं करपलं. आन् ते घरी आले, डोळ्याले पट्टी, गाडीतून उतरता उतरता विचारते, सिंधू, जिरं काढलं का.”

“मंग?”

“मी हाव म्हटलं.”

वीस-एकवीस वर्षांची, लग्नाला वर्ष न झालेली सिंधू. दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं मेहकरला गेली, निवृत्तीशेठच्या दुकानातून शहाजिरं आणलं आणि सुपात घालून सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं. भाऊरावांनी ते चोळलं, हुंगलं, आणि बायको गेल्यानंतर पहिल्यांदा ते रडले. मग एकेकाला बोलावून त्यांनी मूठ दिली. पुढल्या कार्तिकात सिंधूनं दुकानातलं बी पेरलं तर एक अंकुर फुटला नाही. तेव्हा गाजर पेरलं. पानं तशीच दिसत. एका अधू डोळ्याला आणि बोटांना तेवढं पुरे होतं. आणि कुणी जवळ येऊ नये म्हणून तो नेम काढला, एकटीनं जायचं, बोलायचं नाही. बुद्धाला नमन करणारं, अंगारे-धुपारे न मानणारं हे घर. पण तो नेम सगळ्यांनी असा पाळला की जणू आभाळातून उतरला होता.

“म्हणूनच आपल्या घरी फाल्गुनात गाजराचा हलवा,” महामाया म्हणाली. हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण तिचे डोळे भरले होते. “सगळं आयुष्य मी गाजरावर उभं केलं, आई.”

“असं नको बोलू.”

“मूठ व्हायच्या आत तू सांग आजोबाले. नाही तं मी सांगन.”

“मरतीन वं ते. शहाऐंशीचे हायेत. त्यायच्यापाशी दुसरं हाय काय?”

नेमका तेव्हाच प्रसेनजित पाकिटांचा खोका घेऊन आत आला. त्यानं गाजराकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. पोरगा हुशार, बहिणीच्या चार वाक्यांत त्याच्या ध्यानात आलं. खोका त्यानं खाली ठेवला, पण आदळला नाही, हे सिंधूताईंनी पाहून घेतलं.

“आज कोणी काही बोलायचं नाही,” तो म्हणाला. “मॅडम येतीन, कुंपणाबाहेरून पाला पाहतीन, चहा घेतीन, जातीन. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“दादा, लोकायले खोटं सांगून विकशीन?”

“मले तरी कुठं माहीत होतं? तुह्यासारखंच मलेही आताच समजून राह्यलं. फक्त आजचा दिवस, माया. जागा मिळाली का दुसरं पाकीट छापतो. आईकडं पाह्य जरा.”

सिंधूताईंना पोराचा आधार वाटला आणि त्याच क्षणी त्या आधाराची भीतीही वाटली. त्यांनी जे केलं होतं ते एका म्हाताऱ्या माणसासाठी. हा तर दुकान मांडायला निघाला होता. पण इतकी वर्षं तोंडात मूग धरून बसलेल्या बाईला एकाएकी कुठून बोलता येणार?

दहाच्या सुमारास विशाखा जालन्याहून आली. सिंधूताईंची नणंद, घरात शिरायच्या आधी आवाज शिरतो अशी. बॅग टेकवली आणि थेट बापाजवळ गेली. भाऊराव अंगणात खुर्चीवर बसले होते, दाढी केलेली, खात्याचा जुना खाकी कोट अंगात, पितळी बटणं नागसेनकडून घासून घेतलेली. मुठीच्या दिवशी तो कोट निघायचाच.

“जय भीम, बाबा. वहिनी, जिरं काढलं ना? वाफ्यात बोलल्या तं नाही? मी तिकडं कुंडीतली मेथीसुद्धा मुक्यानं खुडते, सांगून ठेवते.”

“नाही बोलले, ताई,” सिंधूताई म्हणाल्या. महामाया भाकरी थापत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

अकराचे साडेअकरा झाले. गाडीचा आवाज झाला की सिंधूताई दाराशी यायच्या, आणि गाडी हिवरा आश्रमाकडं निघून जायची. न यावी ती बाई, असं त्यांनी मनात दहादा म्हटलं. पण ती आली. चाळिशीची, साधी, पायात बूट, गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं भाऊरावांना नमस्कार केला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली. अशी माणसं जास्त धोक्याची, सिंधूताईंच्या मनात आलं. ओरडणारी माणसं काही पाहत नाहीत. ही सगळं पाहणार.

भाऊरावांनी तिला सगळी गोष्ट सांगितली. कोसळलेला कडा, मोडलेला पाय, म्हातारी, तिच्या चुलीवरचं ते शहाजिऱ्याचं पाणी. “घरामांगं उतार होता. तिथं हे जिरं आपोआप उगवे. बर्फ वितळला का वर येये. म्हातारी म्हने, बर्फ नाही तं हे नाही. म्या म्हनलं, बाई, आमच्याबद्दलही लोक असंच म्हनत होते. याइले शाळा नाही, याइले विहीर नाही, याइच्यात हे उगवनार नाही. इथं आनून पेरलं. उगवलं.”

“खरं सांगू का, आजोबा,” अनुपमा म्हणाली, “मी म्हणूनच आले. मी बारा वर्षं मसाल्याच्या पिकांमध्ये आहे. इतक्या उष्णतेत शहाजिरं धरल्याचं मी कुठंच ऐकलेलं नाही. तुमच्याकडे खरोखर होत असेल तर ती फार मोठी गोष्ट आहे.”

भाऊराव खुलले. काठी घेऊन उठले. “चला तं मंग. पाहून घ्या.”

सगळी वरात विहिरीकडं निघाली. पुढं भाऊराव, त्यांचा हात धरून विशाखा, मागं अनुपमा, प्रसेनजित, नागसेन. महामाया आईच्या शेजारून चालत होती. “आई,” ती हळूच म्हणाली. एवढंच म्हणाली. सिंधूताईंनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बोरीच्या काट्यांचं कुंपण, त्यात चार हात लांबीचा वाफा. अर्धा रिकामा, काढणी झालेला. अर्धा बेण्यासाठी राखलेला, हिरवागार. प्रसेनजित पटकन पुढं झाला. “मॅडम, इथूनच पाहा. आमच्याकडं आत जायचा नेम नाही.”

अनुपमा कुंपणाशी वाकली. बराच वेळ वाकून राहिली. सरळ झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि ते काही नसणं पाहूनच सिंधूताईंना कळलं की हिला कळलं आहे. तिनं एकदा भाऊरावांच्या कोटाकडं पाहिलं, पितळी बटणांकडं पाहिलं. “छान आहे वाफा,” ती म्हणाली. “निघू या का?”

तिथंच सगळं मिटलं असतं. पण भाऊरावांना जोर चढला होता.

“असं काय दुरून? एवढ्या लांबून आली पाहुणी. एक रोप मुळासकट काढून देतो, घेऊन जा. नागपूरच्या लोकायले दाखव.”

“बाबा, नेम मोडते,” विशाखा म्हणाली.

“नेम मोडला तं मोडला. पीक माह्यं हाय.”

त्यांनी काठीनं काटे सारले. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, ते वाफ्याच्या कडेला बसले. म्हाताऱ्या बोटांनी पाला चाचपला, एक झुपका मुठीत धरला. प्रसेनजितचा चेहरा पांढरा पडला. महामायानं डोळे मिटून घेतले. सांगन, सांगन म्हणणाऱ्या पोरीच्यानं सांगवलं नाही.

“ओढू नका, मामाजी,” सिंधूताई म्हणाल्या. “गाजर निघंल.”

वाफ्याजवळ त्यांचा आवाज एकतीस वर्षांत पहिल्यांदा उमटला होता.

“काय निघंल?” भाऊरावांनी विचारलं.

“गाजर. जिरं नाही ते. जिरं करपलं होतं. तुमी डोळ्याच्या ऑपरेशनले गेल्ते ना, तवाच करपलं. सुपातलं जिरं मी मेहकरहून आणते. निवृत्तीशेठच्या दुकानातून.”

“कवापासून?”

“पयल्यापासून.”

भाऊरावांची मूठ अजून पाल्यावरच होती. ती त्यांनी हळूहळू सोडली. उठायला निघाले तेव्हा नागसेन धावले, पण भाऊरावांनी त्यांचा हात बाजूला केला. काठी चाचपली, उठले, कोट झटकला. “पाहुणीले जेवल्याबिगर जाऊ देऊ नका,” एवढंच बोलले आणि घराकडं चालू लागले. खोलीचं दार लोटल्याचा आवाज विहिरीपर्यंत आला.

मग सुटली विशाखा. “वहिनी, माह्या बापाले येडं बनवलं तुमी? एकतीस वर्षं? अन् मी मूर्खासारखी तिथं दवाखान्यातल्या पोरींना सांगत फिरते, आमच्या बाबानं बर्फातलं जिरं पिकवलं. अन् तो नेम? मुक्यानं भाजी खुडते मी!”

“आत्या, आईले बोलू नको,” महामाया मध्ये आली. सकाळी जिनं आईला पाटावर बसवून जाब विचारला होता तीच आता आईच्या पुढं उभी होती. “आजी गेल्यावर आजोबा कसे होते, तू होती का पाहायले? तू नर्सिंगच्या होस्टेलवर होती. आई होती इथं.”

“पण मले तं सांगायचं,” प्रसेनजित म्हणाला. सकाळचा आधार केव्हाच पातळ झाला होता. “पाकीट छापून राह्यलो होतो तवा तू बाजूलेच तं बसली होती, आई. मसाला पाखडत. एक शब्द नाही काढला.”

शब्द काढला असता तर वास उडाला असता, असं काहीतरी सिंधूताईंच्या मनात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

“ती गाजराची पुंगी होती,” नागसेन म्हणाले. निवृत्त मास्तर, घरात फार बोलायचे नाहीत. “वाजली तोवर वाजली.”

सिंधूताईंनी नवऱ्याकडं पाहिलं. “तुमाले माहीत होतं?”

“दर फाल्गुनात हलवा खातो मी. मला काय गाजर कळत नाही?” ते खाली पाहत म्हणाले. “तू सांगितलं नाहीस, म्हणून मी विचारलं नाही.”

अनुपमा बाजूला उभी होती. ती प्रसेनजितजवळ आली. “पाकिटावरची ती ओळ काढा. जिरं बर्फातलं आहे तर बर्फातलं म्हणा. मसाला चांगला असेल तर जागा देईन. नसेल तर त्या ओळीच्या जोरावरही दिली नसती.” मग ती सिंधूताईंकडं वळली आणि तिनं त्यांच्या दंडाला हात लावला.

बारा वाजले, एक वाजला. वंदना झाली, भाऊराव दाराआडच राहिले. अनुपमाला जेवू घालून निरोप दिला, घरच्यांच्या भाकऱ्या मात्र गार झाल्या. विशाखानं दोनदा दार वाजवलं, बीपीची गोळी घ्या म्हणून, पण आतून उत्तर आलं नाही. सिंधूताई अंगणात सुपापाशी बसल्या होत्या. सुपात शहाजिरं होतं, बारीक, वाकडं, काळपट. इराणातून, बर्फातून, कुण्या कुण्या बाजारातून फिरत ते निवृत्तीशेठच्या बरणीत आलं होतं आणि तिथून त्यांच्या पिशवीत. त्याचा वास आज त्यांना सोसवत नव्हता. आत काही पडल्याचा आवाज तर होत नाही ना, म्हणून त्या सारख्या कान देत होत्या. आपण म्हाताऱ्याला मारलं, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

दोनच्या सुमारास दार उघडलं. भाऊराव बाहेर आले. अंगात कोट होता. चौकटीला धरून उभे राहिले.

“म्हातारी खरं बोलली होती म्हना,” ते म्हणाले. “बर्फ नाही तं हे नाही. अन् मी पोरायले आयुष्यभर खोटं सांगत राह्यलो.”

“खोटं नाही, मामाजी,” सिंधूताई उभ्या राहिल्या. “उगवलं होतं.”

“आता मन राखू नको माह्यं.”

“मन नाही राखून राह्यले. इतकी वर्षं राखलं, आता नाही. उगवलं होतं. सतरा रोपं होती.”

भाऊरावांनी मान वर केली. “मी दवाखान्यात गेलो तवा बारा होती. बोटानं मोजून गेल्तो.”

“तुमी गेल्यावर पाच अजून आली. उत्तरेच्या कडेले, दगडाच्या सावलीत. मले वाटलं, तुमी आल्यावर दाखवीन.” करपलेलं एकेक रोप सिंधूताईंनी तेव्हा उपटून ओच्यात घेतलं होतं आणि विहिरीमागं पुरलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही.

“पाच अजून,” भाऊराव म्हणाले. “मले कोनी सांगितलंच नाही ते.”

ते अंगणात आले. सतरंजीवर विशाखा, नागसेन, प्रसेनजित ओळीनं बसले होते. दरवर्षीच्या सवयीनं बसले होते, मूठ होणार की नाही हे माहीत नसताना. भाऊरावांची खुर्ची ओळीच्या समोर मांडलेली होती. ते खुर्चीपाशी गेले नाहीत. काठी बाजूला ठेवून, नागसेनच्या खांद्याला धरून, ओळीच्या शेवटी सतरंजीवर खाली बसले. आणि दोन्ही हात पुढं केले.

कुणाला काही समजेना. मग समजलं, आणि विशाखानं तोंडाला पदर लावला.

“मामाजी, हे काय,” सिंधूताई म्हणाल्या. “हे दुकानातलं हाय. सांगितलं ना तुमाले.”

“ऐकलं म्या.”

“मी पिकवलं नाही काही.”

“मंग कोनी पिकवलं?” भाऊराव म्हणाले. “दे.”

सिंधूताईंच्या हातात सूप होतं. महामायानं ते हळूच त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि आईच्या पुढं धरून उभी राहिली. सिंधूताईंनी सुपात हात घातला. इतक्या वर्षांत मूठ त्यांनी कधी भरली नव्हती, किती भरायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. भरली ती जास्तच भरली, आणि थोडं शहाजिरं भाऊरावांच्या ओंजळीबाहेर सतरंजीवर सांडलं.

“राहू द्या, मामाजी, मी गोळा करते.”

पण भाऊराव आधीच वाकले होते. ओंजळीतलं एका मुठीत धरून, दुसऱ्या हाताच्या बोटांनी सतरंजी चाचपत, ते सांडलेलं शहाजिरं एकेक दाण्यानं उचलत होते.